वेग, वंश आणि मैदान : कविता राऊतच्या निमित्ताने

१

८ ऑक्टोबर २०१० रोजी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेतील महिलांची दहा हजार मीटरची शर्यत झाली. केनियाच्या दोघी पुढे गेल्या. त्यांच्यामागून तिसरी आली ती नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा नावाच्या एका आदिवासी पाड्यावरची मुलगी, कविता राऊत. वेळ ३३ मिनिटे ५.२८ सेकंद. राष्ट्रकुल स्पर्धेत धावपट्टीवर वैयक्तिक पदक मिळवणारी ही पहिली भारतीय स्त्री होय. १९५८ साली कार्डिफला मिल्खासिंगांनी सुवर्णपदक मिळवले होते. त्यानंतर बावन्न वर्षे धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत भारताच्या ना पुरुषाला ना स्त्रीला ह्या स्पर्धेत पदक मिळाले. ती कोंडी एका आदिवासी स्त्रीने फोडली. पुढच्याच महिन्यात चीनमधील ग्वांगझू येथे आशियाई स्पर्धेत तिने ह्याच अंतरात रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक मिळवणाऱ्या केरळच्या प्रीजा श्रीधरनपेक्षा ती एका सेकंदानेही मागे नव्हती.

वृत्तपत्रांनी तिला ‘सावरपाडा एक्सप्रेस’ असे नाव दिले आणि महाराष्ट्राने ते उचलले. कौतुक झाले, सत्कार झाले. त्या कौतुकात एक वाक्य मात्र मी अनेक तोंडांतून ऐकले, आणि आजही आमच्या भागात एखादी माडिया किंवा गोंड मुलगी तालुक्याच्या शर्यतीत पहिली आली की ऐकतो. ‘ह्या पोरी जंगलातल्या. डोंगर चढतात, पाणी वाहतात, पळणे ह्यांच्या रक्तातच असते.’ बोलणारा सद्भावनेने बोलत असतो. त्याला वाटते की आपण आदिवासींचा गौरव करत आहोत.

मला ह्या गौरवाची भीती वाटते. मी इतिहास शिकवतो. ‘रक्तातच असते’ हे वाक्य ज्या देशात हजारो वर्षे राज्य करत आले, त्या देशातल्या तळच्या माणसाने ते पुन्हा ऐकले की सावध व्हायला हवे. एकाच्या रक्तात वेदपठण असते, दुसऱ्याच्या रक्तात व्यापार असतो आणि तिसऱ्याच्या रक्तात मेलेली ढोरे ओढणे असते, हे सांगणारी व्यवस्था आणि आदिवासीच्या रक्तात पळणे असते असे म्हणणारे कौतुक ह्यांचे व्याकरण एकच आहे. गुण जन्माने मिळतो असे एकदा मान्य केले की त्यामागची मेहनत, गुरू, मैदान, अन्न आणि संधी हे सारे पुसले जाते. आणि ज्याला संधी नाकारली त्याच्याबद्दल उत्तर देण्याची जबाबदारीही कुणावर उरत नाही. वेग रक्तात असतो काय, आणि नसेल तर तो कुठून येतो, ह्या प्रश्नाचा इतिहास पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

२

ह्या प्रश्नाच्या इतिहासात १९३६ हे साल महत्त्वाचे आहे. त्या वर्षी बर्लिनला हिटलरच्या डोळ्यांदेखत ऑलिम्पिक झाले आणि जेसी ओवेन्स ह्या अमेरिकन निग्रो तरुणाने चार सुवर्णपदके मिळवली. गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वाचा सिद्धान्त धावपट्टीवर कोसळला असे आपण शाळेत शिकतो. पण सिद्धान्त इतक्या सहजी मरत नाहीत. ते कपडे बदलतात. काळा माणूस दुबळा आहे असे म्हणता येईना, तेव्हा तो जनावरासारखा चपळ आहे असे म्हणण्यास सुरुवात झाली. अमेरिकेच्या एका नामवंत प्रशिक्षकाने १९४१ साली आपल्या पुस्तकात असा युक्तिवाद केला की निग्रो माणूस जंगलातल्या आदिम अवस्थेच्या अधिक जवळ आहे, धावणे आणि उडी मारणे हा तेथे त्याच्या जीवनमरणाचा प्रश्न होता, म्हणून तो ह्यात पुढे असतो. म्हणजे पदक मिळाल्यावरही तो माणूस झाला नाही; फक्त चांगले जनावर झाला.

ह्याला उत्तर त्याच १९३६ साली दिले गेले होते. हॉवर्ड विद्यापीठातील कृष्णवर्णी शरीरशास्त्रज्ञ डब्ल्यू. मॉन्टेग्यू कॉब ह्यांनी ओवेन्सच्या पायांची, पोटऱ्यांची, टाचेच्या हाडाची मापे घेतली आणि ‘रेस अँड रनर्स’ हा निबंध लिहिला. निग्रो धावपटूची म्हणून जी शरीरलक्षणे त्या काळी सांगितली जात, ती खुद्द ओवेन्सच्या शरीरात नव्हती. त्याची पोटरी त्या काळच्या वर्गवारीप्रमाणे गोऱ्या माणसाची म्हणावी अशी होती. कॉब ह्यांचा निष्कर्ष असा की वंशाने विजय समजावून सांगता येत नाही. शिकवण, सराव आणि संधी ह्यांच्याकडे पाहावे लागते.

आणि त्याच १९३६ साली आपल्याकडे काय घडत होते? लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले आणि भाषण वाचून त्यांचे निमंत्रण गुंडाळले. ते भाषण बाबासाहेबांनी स्वतः छापले. त्यात त्यांनी जातिव्यवस्थेच्या समर्थनार्थ पुढे केला जाणारा वंशशुद्धीचा युक्तिवाद तपासून खोडून काढला आहे. जातीला वंशाचा पाया नाही, आणि जातीने कोणतीही सुदृढ प्रजा निर्माण केलेली नाही, हे त्यांचे म्हणणे. एक माणूस वॉशिंग्टनमध्ये टाचेचे हाड मोजत होता आणि दुसरा माणूस मुंबईत धर्मशास्त्र मोजत होता. दोघांची एकमेकांशी गाठ पडली नाही. दोघे लढत होते ती गोष्ट मात्र एकच होती.

३

आता कॅरिबियन समुद्रातल्या जमैका बेटाकडे पाहू. कारण ‘रक्ता’चा दाखला द्यायचा झाला की आज सगळे जग ह्याच बेटाकडे बोट दाखवते.

जमैका हे उसाच्या मळ्यांचे आणि गुलामांचे बेट. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी कायद्याने १८३४ साली संपली, प्रत्यक्ष मुक्ती १८३८ साली मिळाली. त्या गुलामांच्या वंशजांतून मर्लिन ऑटी जन्मली, १० मे १९६० रोजी, हॅनोव्हर परगण्यातल्या एका खेड्यात. लहानपणी ती अनवाणी धावली. १९८० साली मॉस्को ऑलिम्पिकमध्ये दोनशे मीटरमध्ये तिला कांस्यपदक मिळाले. इंग्रजी बोलणाऱ्या कॅरिबियन देशांतल्या स्त्रीचे ते पहिले ऑलिम्पिक पदक. त्यानंतर ती थांबलीच नाही. १९८० ते २००४ अशा सात ऑलिम्पिकमध्ये ती धावली. तीन रौप्य आणि सहा कांस्य अशी नऊ ऑलिम्पिक पदके तिने मिळवली. सुवर्ण मात्र एकही नाही. १९९३ साली स्टुटगार्टच्या जागतिक स्पर्धेत शंभर मीटरमध्ये तिची आणि अमेरिकेच्या गेल डिव्हर्सची वेळ सारखीच, १०.८२ सेकंद, नोंदली गेली आणि सुवर्ण डिव्हर्सला मिळाले. १९९६ साली अटलांटा ऑलिम्पिकमध्ये पुन्हा तेच; दोघींची वेळ १०.९४ आणि सुवर्ण डिव्हर्सला. दोनशे मीटरमध्ये ती १९९३ आणि १९९५ साली जगज्जेती झाली. २००० साली सिडनीच्या वेळी, संघनिवडीत ती चौथी आली असताना तिला शंभर मीटरसाठी घेतले म्हणून तिच्याच देशाच्या खेळाडूंनी निदर्शने केली. पुढे २००२ साली तिने स्लोव्हेनियाचे नागरिकत्व घेतले आणि २००४ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्या देशासाठी अथेन्सला धावली. २०१२ साली हेलसिंकीच्या युरोपीय स्पर्धेत स्लोव्हेनियाच्या रिले संघात बावन्न वर्षांची ऑटी होती.

हे सारे रक्ताने घडले काय? तसे असते तर ज्या पश्चिम आफ्रिकेतून हे गुलाम नेले गेले, तेथील प्रत्येक देश पदकांनी भरून गेला असता. जमैकात काय वेगळे होते? जमैकात शाळा होती. १९१० सालापासून तेथे माध्यमिक शाळांची आंतरशालेय मैदानी स्पर्धा भरते. तिला लोक ‘चॅम्प्स’ म्हणतात. सुरुवातीला ती केवळ मुलांची आणि मोजक्या, वरच्या थरातल्या शाळांची होती. त्या काळी गरीब काळ्या शेतमजुराच्या पोराला माध्यमिक शाळेचे दार बंद होते. १९५७ च्या सुमारास दोन गोष्टी झाल्या. सामाईक प्रवेशपरीक्षेमुळे गरीब मुलांना माध्यमिक शाळांत जागा मिळू लागल्या, आणि मुलींची आंतरशालेय स्पर्धा सुरू झाली. १९६२ साली देश स्वतंत्र झाला. १९७३ साली मायकेल मॅन्ली ह्यांच्या सरकारने माध्यमिक शिक्षण मोफत केले. त्या वर्षी मर्लिन ऑटी तेरा वर्षांची होती! ती रूसियाज आणि व्हेर टेक्निकल ह्या शाळांत शिकली आणि १९७९ साली अमेरिकेच्या नेब्रास्का विद्यापीठात गेली. १९८० साली क्यूबाच्या मदतीने जमैकात जी. सी. फॉस्टर शारीरिक शिक्षण महाविद्यालय उभे राहिले. तेथून निघालेले क्रीडाशिक्षक खेड्यापाड्यांतल्या शाळांत गेले.

त्यानंतरची पिढी म्हणजे शेली-ॲन फ्रेझर-प्राइस. किंग्स्टन शहरातल्या वॉटरहाउस ह्या झोपडवस्तीत ती वाढली. तिची आई रस्त्यावर फेरीने माल विकत असे. वॉल्मर्स ह्या मुलींच्या शाळेतून ती चॅम्प्समध्ये धावली आणि २००८ साली बीजिंगला शंभर मीटरचे सुवर्णपदक मिळवणारी पहिली कॅरिबियन स्त्री झाली. २०१२ साली लंडनला पुन्हा तेच सुवर्ण. २०१७ साली तिला मूल झाले आणि २०१९ साली ती पुन्हा शंभर मीटरची जगज्जेती ठरली. आपल्याकडे मुलीच्या धावण्याचा शेवट लग्नाच्या मांडवात होतो. तेथे एक आई परत येते आणि जगाला मागे टाकते. रक्त तर दोन्हीकडे माणसाचेच आहे.

४

मग महाराष्ट्रात मैदान कुणाचे होते?

मुंबईत जिमखाने उभे राहिले ते धर्माधर्मांचे. पारशांचा वेगळा, मुसलमानांचा वेगळा, हिंदूंचा वेगळा, कॅथलिकांचा वेगळा. ह्या वाटणीत अस्पृश्याची जागा कोणती? पळवणकर बाळू हा चर्मकार समाजातला गोलंदाज पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यात खेळपट्टी राखायचा आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचा. हिंदूंना गोऱ्यांना हरवण्यासाठी त्याची गरज पडली तेव्हा मैदानावर तो चालला, तंबूत मात्र त्याचा चहा बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर त्याने शंभराहून अधिक बळी घेतले, तरीही हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्याला कधी मिळाले नाही. ते मिळाले १९२३ साली त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला. बाळूचा चेंडू रक्तातून वळत नव्हता. साहेबांच्या सरावासाठी रोज तासन्‌तास टाकलेल्या चेंडूंतून तो वळत होता.

स्त्रियांच्या धावण्याचा इतिहास ह्याच जिमखान्यांच्या आणि कॉन्व्हेंट शाळांच्या आवारात सुरू होतो. मार्च १९५१ मध्ये नवी दिल्लीला पहिली आशियाई स्पर्धा झाली. मुंबईच्या पारशी समाजातल्या रोशन मिस्त्रीने शंभर मीटरमध्ये रौप्य, वांद्र्याच्या मेरी डिसोझाने दोनशे मीटरमध्ये कांस्य मिळवले. रिलेतही भारताला रौप्य मिळाले. १९५२ साली हेलसिंकी ऑलिम्पिकला स्वतंत्र भारताच्या ज्या पहिल्या चार स्त्रिया गेल्या, त्यात मेरी होती. शंभर आणि दोनशे मीटर अशा दोन्ही शर्यतींत ती धावली. जाण्यासाठी पैसे पुरेसे नव्हते. मित्रमंडळींनी आणि शेजाऱ्यांनी कार्यक्रम करून वर्गणी जमवली. १९५४ साली मनिला येथे मेरी आणि पुण्याची स्टेफी डिसोझा ह्या दोघी असलेल्या रिले संघाने आशियाई सुवर्णपदक मिळवले. स्टेफीने १९५८ साली दोनशे मीटरमध्ये आशियाई रौप्य मिळवले, १९६४ साली ती टोकियो ऑलिम्पिकला चारशे मीटर धावली. मेरी हॉकीतही भारताकडून खेळली. तिला ध्यानचंद पुरस्कार मिळाला तो २०१३ साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी.

ह्या स्त्रियांचे मोठेपण मला कमी करायचे नाही. त्यांनी ज्या काळात तोकड्या कपड्यांत धावण्याचे धाडस केले, त्या काळात सवर्ण हिंदू घरांतल्या मुली उंबऱ्याआडच होत्या. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने नावांच्या यादीकडे पाहताना यादीत कोण नाही हेही पाहावे. ख्रिस्ती, पारशी, अँग्लोइंडियन मुलींना शाळेचे पटांगण होते, शारीरिक शिक्षणाची बाई होती, धावणाऱ्या मुलीला नावे न ठेवणारी वस्ती होती आणि वर्गणी काढू शकणारे शेजारी होते. महारवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या, गोंडी पाड्यातल्या मुलीजवळ ह्यातले काहीच नव्हते. तिच्याजवळ पाय होते आणि दुसऱ्याचे शेत होते. मेरी धावली ती शाळेमुळे, आणि ही धावली नाही तीही शाळेमुळेच.

५

आता पुन्हा सावरपाड्याकडे येऊ. कविता राऊत ५ मे १९८५ रोजी जन्मली. हरसूल परिसरातला हा पाडा त्र्यंबकेश्वर तालुक्यात येतो. पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट, असा तो भाग. ती शाळेत अनवाणी धावली. इथपर्यंतची गोष्ट वृत्तपत्रांना आवडते आणि इथेच ती थांबतात. पण सावरपाड्यात आणि शेजारच्या शेकडो पाड्यांत पाणी वाहणाऱ्या हजारो मुली होत्या. त्यांतली एकच का पोचली? पाणी वाहिल्याने धावपटू होत असेल तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक टंचाईग्रस्त गावात एक ऑलिम्पिक पदक असायला हवे.

फरक पडला तो नाशिकला. तेथे विजेंद्र सिंग हे प्रशिक्षक होते. शालेय स्पर्धांमधून ही मुलगी त्यांच्या नजरेस पडली आणि त्यांच्या हाताखाली वर्षानुवर्षे सराव करू लागली. दहा हजार मीटर म्हणजे धावपट्टीच्या पंचवीस फेऱ्या. प्रत्येक फेरी किती सेकंदांत टाकायची, केव्हा दुसरीच्या मागे राहायचे, केव्हा सुटायचे, हे हंडा शिकवत नाही. ते घड्याळ शिकवते आणि घड्याळ हातात धरून मैदानाच्या कडेला उभा राहिलेला माणूस शिकवतो. त्याच माणसाच्या हाताखालून पुढे नाशिक जिल्ह्यातल्याच संजीवनी जाधव आणि मोनिका आथरे निघाल्या. संजीवनीने २०१७ साली भुवनेश्वरच्या आशियाई स्पर्धेत पाच हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. मोनिका त्याच वर्षी लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. ह्या दोघी आणि कविता एका जातीच्या नाहीत, एका पाड्याच्या नाहीत. सारखे आहे ते मैदान आणि गुरू. कॉब ह्यांनी टाचेचे हाड मोजून जे सिद्ध केले, ते नाशिकच्या मैदानाने पुन्हा सिद्ध केले.

हेच साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबरबद्दल. दुष्काळी गावातली ही शेतकऱ्याची मुलगी २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ऑलिम्पिकच्या धावपट्टीवर अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय स्त्री. कविताही त्याच रिओला मॅरेथॉन धावली. त्या वर्षी फेब्रुवारीत दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवून ती पात्र ठरली होती. ऑगस्टच्या उन्हात तिला जवळजवळ तीन तास लागले. २०१२ साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला होता.

आणि २०२४ साली तिच्यावर जाहीरपणे एक प्रश्न विचारण्याची वेळ आली. राज्यशासनाने इतर आंतरराष्ट्रीय खेळाडूंना थेट वरच्या पदांवर नियुक्त्या दिल्या; आपल्याला मात्र आपल्या कामगिरीला साजेशी नियुक्ती दिली नाही; आपण आदिवासी आहोत म्हणून तर हे होत नाही ना, असे तिने विचारले. शासनाच्या फायलींत काय आहे त्याचा निवाडा मी येथे करणार नाही. मला महत्त्वाचे वाटते ते हे की चौदा वर्षांपूर्वी जिच्या रक्ताचे सर्वांनी कौतुक केले, तिला हक्काची गोष्ट मागताना आपल्या जन्माचा उच्चार करावा लागला. गौरव करताना जन्म आठवला होता. वाटा देण्याच्या वेळी तोच जन्म आडवा येत आहे काय, ही शंका तिला यावी, ह्यात व्यवस्थेचे सारे रूप आले. पदक मिळवूनही माणूस जातीच्या बाहेर येत नाही. ऑटीचे देशाशी बिनसले तेव्हा तिला दुसरा देश मिळाला. आपल्या मुलींना दुसरा देश नाही.

६

शेवटी आमच्या चंद्रपूर आणि गडचिरोलीबद्दल.

२६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता. २०११ च्या जनगणनेत चंद्रपूरची लोकसंख्या सुमारे २२ लाख आणि गडचिरोलीची पावणेअकरा लाख, म्हणजे दोन्ही मिळून जवळजवळ ३३ लाख भरली. त्याच वर्षीच्या जनगणनेत सबंध जमैका देशाची लोकसंख्या सुमारे २७ लाख होती. क्षेत्रफळ पाहा. जमैका सुमारे ११ हजार चौरस किलोमीटर, एकटा चंद्रपूर त्याहून किंचित मोठा आणि गडचिरोली १४ हजार चौरस किलोमीटरच्या वर. माणसे त्यांच्यापेक्षा जास्त, जमीन त्यांच्या दुपटीहून अधिक. डोंगर आहेत, नद्या आहेत, पायी चालणाऱ्या बायामुली आहेत. ‘रक्त’ म्हणाल तर गडचिरोलीत शंभरातली अडतीस-एकोणचाळीस माणसे आदिवासी आहेत. मग आमच्याकडे एकही मर्लिन ऑटी का नाही?

माझी आई धानाच्या रोवणीला जात असे. उन्हाळ्यात पहाटे अंधारात मोहफुले वेचायला, मग तेंदूपत्ता तोडायला, परतताना डोक्यावर सरपणाचा भारा. दिवसाकाठी ती किती कोस चालली असेल ह्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. तिच्या पोटरीची मापे घ्यायला कोणी कॉब आला नाही. ह्या चालण्याने तिचे गुडघे पन्नाशीच्या आत गेले, पदक आले नाही. जे पोटासाठी करावे लागते त्याने शरीर झिजते. ज्याच्यामागे अन्न, विश्रांती आणि शिकवण असते त्याने ते घडते. श्रमाला क्रीडा म्हणणे ही श्रमिकाची थट्टा होय.

पण धावण्याची भूक येथे नाही असे म्हणणारा माणूस पहाटे पाच वाजता आमच्या रस्त्यांवर आलेला नाही. गडचिरोली, आरमोरी, चामोर्शी, कुठल्याही रस्त्यावर भरतीच्या मोसमात मुलींचे घोळके धावताना दिसतात. पोलीस भरतीत मुलींना आठशे मीटर आणि शंभर मीटर धावावे लागते, गोळा फेकावा लागतो. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली पहिल्या तासाला पायांत पेटके घेऊन बसतात. कुणाच्या पायात भावाचे बूट, कुणाच्या पायात कापडी चप्पल. डांबरी रस्ता हीच धावपट्टी, मैलाचा दगड हीच शेवटची रेषा. ह्या मुली खेळत नाहीत. नोकरी मागत आहेत. भरती झाली तर धावणे संपते, नाही झाली तर वय उलटल्यावर संपते. आठशे मीटर ही ऑलिम्पिकची शर्यत आहे हे त्यांतल्या अनेकींना कुणी सांगितलेलेही नाही. त्यांच्यात किती कविता आहेत ते कळण्याचा मार्गच नाही, कारण त्यांची वेळ नोंदली जाते ती फक्त भरतीच्या दिवशी, तीही नापास करण्यासाठी.

शिकवण मिळाली तर काय होते त्याचा पुरावा ह्याच जिल्ह्यात आहे. आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’ मोहिमेत चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची मुले निवडून त्यांना काही महिने शास्त्रशुद्ध गिर्यारोहण शिकवले गेले. मे २०१८ मध्ये त्यांतले पाच जण एव्हरेस्टच्या शिखरावर पोचले. त्यांत मनीषा धुर्वे ही मुलगी होती. चंद्रपूरच्या सपाट मुलखातल्या मुलांच्या रक्तात बर्फ कुठून येणार? बर्फ त्यांना शिकवावा लागला आणि शिकवल्यावर त्यांना तो आला.

दुसरा पुरावा मैदानाचा. बल्लारपूरजवळ विसापूरच्या क्रीडा संकुलात डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा भरल्या. देशभरातली मुले आमच्या जिल्ह्यात येऊन धावली. कृत्रिम धावपट्टी आता आमच्या दारात आहे, ही आनंदाची गोष्ट. परंतु भामरागडच्या किंवा सिरोंच्याच्या मुलीला ह्या दारापर्यंत यायला अख्खा दिवस लागतो. राहायचे कुठे, खायचे काय, सोबत कोण, हे प्रश्न धावपट्टी सोडवत नाही. जमैकाने एक भव्य स्टेडियम बांधून धावपटू घडवले नाहीत. आधी शाळा उघडली, तिची फी काढली, तिच्यात क्रीडाशिक्षक पाठवला आणि वर्षातून एकदा सगळ्या शाळांना एका रेषेवर उभे केले. आश्रमशाळांना पूर्णवेळ, शिकलेला क्रीडाशिक्षक नसेल. मुलींच्या ताटात अंडे नसेल. पाळी आलेल्या मुलीला कापड नसेल, तर विसापूरची धावपट्टी पाहुण्यांसाठीच राहील.

आमची चळवळ पुस्तकाची आहे आणि ते योग्यच आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेव्हापासून आमच्या पिढ्यांनी ग्रंथालय, वसतिगृह, महाविद्यालय ही आपली तीर्थे मानली. मी स्वतः त्याच वाटेने आलो. माझ्या घराण्यात पदवीचा कागद पहिल्यांदा माझ्या हातात पडला. पण ज्या शरीराला ह्या व्यवस्थेने अपवित्र ठरवले, ज्याची सावलीही नाकारली, त्या शरीराच्या मुक्तीचा विचार आम्ही पुरेसा केला नाही. क्रीडा हा श्रीमंतांचा फावल्या वेळचा उद्योग आहे असे आमच्या कार्यकर्त्यांना वाटते. मुलीने घामाने भिजून, छाती पुढे काढून, सर्वांच्या देखत पहिली यावे, हे मनूला जितके खुपेल तितके दुसरे फार थोडे खुपेल. जिमखान्यांचा हा प्रांत आपणही सोडून द्यायचा काय?

म्हणून ह्या पानांच्या वाचकांपाशी, विशेषतः शिक्षकांपाशी, माझे मागणे साधे आहे. आपल्या शाळेच्या पटांगणाचा सातबारा पाहा. ते कागदावर किती आहे आणि प्रत्यक्षात किती उरले आहे ते मोजा. आश्रमशाळेत क्रीडाशिक्षकाचे पद मंजूर आहे काय, भरले आहे काय, ह्याची माहिती मागा. वर्षातून दोनदा प्रत्येक मुलीची शंभर आणि आठशे मीटरची वेळ घ्या, ती वहीत लिहा, आणि ती वही पुढच्या शिक्षकाच्या हाती द्या. एखादी मुलगी वेगळी दिसली तर ‘हिच्या रक्तातच आहे’ असे म्हणून मोकळे होऊ नका. तिचे नाव, तिची वेळ आणि तिला आज मिळालेले जेवण ही तिन्ही एका ओळीत लिहा. आमच्या मुलींच्या धावण्याचा इतिहास त्या वहीपासून सुरू होईल.